पहिला खर्डा कच्चाच असतो



मागच्या अंकात याच जागी एक कोरा कागद लावलेला होता. तुमच्यापैकी काहींनी तो पाहिला असेल. चारी बाजूंनी स्केचपेनची वेलबुट्टी, वर लाल अक्षरांत 'आबांची मोट' असे ठळक नाव, आणि खाली काहीच नाही. तो कागद माझा होता. वेलबुट्टी काढायला मला दोन दिवस लागले. नाव तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिले. लेख मात्र झालाच नाही. शेवटी संपादक मंडळातल्या मुलांनी चिडून तो कागद तसाच लावून टाकला. तेव्हा मला फार राग आला होता. पण त्या कागदावरूनच बाईंनी मला या वेळचा विषय दिला. लिहायला बसल्यावर हात का अडतो, आणि तो कसा सोडवायचा?

आधी मी वर्गात सगळ्यांना विचारून पाहिले. कोणी म्हणाले, सुरुवात सुचत नाही. कोणी म्हणाले, माझे अक्षर घाण येते, लोक हसतील. ऱ्हस्व-दीर्घाची भीती तर निम्म्या वर्गाला आहे. एक मुलगी म्हणाली, "घरी आम्ही अहिराणी बोलतो. पुस्तकातली भाषा डोक्यात यायला वेळ लागतो, तोवर काय सांगायचे होते तेच विसरते." आणि शेवटच्या बाकावरचा एक मुलगा सरळ म्हणाला, "मी आळशी आहे."

आता हा मुलगा कसा आळशी? शेतावरची लाईट रात्री येते तेव्हा तो वडिलांबरोबर उठून केळीला पाणी द्यायला जातो आणि सकाळी प्रार्थनेला हजर असतो. आळशी माणूस सगळ्याच कामांत आळशी असतो. हा फक्त निबंधाच्या वहीपुढे आळशी होतो. म्हणजे तो आळस नव्हे, ती भीती आहे. 'चांगलेच झाले पाहिजे' असे वाटते, चांगले होईल की नाही याची खात्री नसते, म्हणून माणूस म्हणतो, उद्या बघू. आमचे आबा याला म्हणत, "सकाय दखसूत." पण ते म्हणत ते गमतीने. मी मात्र खरोखरच 'सकाय दखसूत' करत बसले.

हे असे का होते, ते मला जेवढे समजले तेवढे सांगते.

लिहिणे हे एक काम नाही, ती दोन कामे आहेत. एक काम मजकूर बाहेर काढण्याचे. दुसरे काम तो तपासण्याचे. आपण काय करतो, तर एकाच वेळी दोन्ही करायला जातो. एक शब्द लिहितो आणि लगेच मनातला मास्तर लाल शाईचा पेन घेऊन उभा राहतो. "हा शब्द बरोबर आहे का? वेलांटी पहिली की दुसरी? अशी कुठे सुरुवात असते का?" मग आपण तो शब्द खोडतो. दुसरा लिहितो. मास्तर पुन्हा उभा. अर्ध्या तासात वहीला भोक पडते, पण ओळ पुरी होत नाही.

शेतात असे कोणी करत नाही. कपाशीची लागण चालली असताना मागोमाग कोणी निंदायला बसते का? आधी बी जमिनीत जाते. ते उगवते. मग निंदणी, मग कोळपणी. आई सांगते, बियाणे इतके महाग झाले नव्हते तेव्हा एका जागी दोन-तीन सरक्या टाकायचे, आणि रोपे वर आली की नीट रोप ठेवून बाकीची उपटायचे. जिथे काहीच उगवले नाही तिथे नांग्या भरायचे. म्हणजे जास्त पेरायचे, नंतर काढायचे, आणि रिकामी जागा राहिली तर मागाहून भरायची. लिहिण्याची रीत यापेक्षा वेगळी नाही. बाजारातला दुकानदारही दिवसभर कच्च्या वहीत टिपतो आणि रात्री निवांत पक्क्या वहीत उतरवतो. गिऱ्हाईक समोर उभे असताना तो सुवाच्य अक्षर काढत बसला तर दुकान चालणार नाही. लेखाच्या या कच्च्या वहीलाच खर्डा म्हणतात. खर्डा लोकांना दाखवायचा नसतो. तो आपला आपल्यासाठी असतो.

आणखी एक गोष्ट मला आठवली. पहिलीत आपण पाटीवर लिहीत होतो तेव्हा कोणालाच भीती वाटत नव्हती. चुकले की पुसले. वही आली, मग शाईचा पेन आला, आणि भीती आली. कागद महाग, खाडाखोड वाईट दिसते, वही तपासायला जाणार. तेव्हा भीती आपल्या डोक्यात नसून थोडीशी त्या कोऱ्या करकरीत कागदात आहे, असे माझे मत झाले आहे. मी तर त्या कागदाला वेलबुट्टी काढून तो आणखीच भीतिदायक करून ठेवला!

आता थोरामोठ्यांचे पाहू. फार लांब जायला नको. तापी ओलांडली की पलीकडे अमळनेर. तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० पर्यंत साने गुरुजी शिक्षक होते. शाळेच्या छात्रालयात ते मुलांबरोबर राहात. तिथे ते एक दैनिक चालवीत, 'छात्रालय दैनिक'. छापलेले नव्हे बरे का, हाताने लिहिलेले, आपल्या या भित्तिपत्रकासारखेच. आपण पंधरा दिवसांतून एकदा अंक काढतो आणि तेवढ्यात दमतो. गुरुजी रोज काढीत. आता विचार करा, ज्याला उद्या सकाळी मुलांपुढे अंक ठेवायचा आहे, तो 'सुरुवात सुचत नाही' म्हणून तीन दिवस थांबू शकेल का? आज जे सुचले ते आज लिहायचे. उद्या नवा कागद.

पुढे १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले आणि तुरुंगात पडले. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावेही तिथेच होते. विनोबांनी त्या तुरुंगात दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. २१ फेब्रुवारीला पहिले आणि १९ जूनला शेवटचे, असे अठरा रविवार. ती प्रवचने साने गुरुजींनी बसून उतरवून घेतली. त्याचेच पुढे 'गीता प्रवचने' हे पुस्तक झाले आणि ते कितीतरी भाषांत गेले. बोलणारा माणूस लिहिणाऱ्यासाठी दर वाक्याला थांबत नसतो. उतरवून घेणाऱ्याने एका शब्दाची वेलांटी बघत बसायचे ठरवले तर तेवढ्यात पुढची चार वाक्ये निघून जातात. (हे खोटे वाटत असेल तर आज रात्री आजीला एक गोष्ट सांगायला लावा आणि ती लिहून घ्या. हात कसा पळतो ते पाहा.)

त्यानंतर गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी ९ फेब्रुवारी १९३३ ला, गुरुवारी, 'श्यामची आई' लिहायला घेतले. सोमवारी, १३ तारखेच्या पहाटे, हातातले लिखाण संपवले. पाच दिवस! आपल्याला सहामाहीच्या अभ्यासाचे वेळापत्रक करायला पाच दिवस लागतात. दोनशेच्या वर पानांचे, महाराष्ट्रातल्या घराघरांत गेलेले पुस्तक, त्याचा मोठा भाग पाच दिवसांत कागदावर आला. पण इथेच एक गोष्ट लक्षात घ्या, कारण ती मलाही आधी ठाऊक नव्हती. पाच दिवसांत लिहिले म्हणजे तसेच छापायला दिले असे नाही. काही रात्री त्यांनी बाहेर आल्यावर लिहिल्या. लिहिलेल्यांतल्या काही छापताना गाळल्या. आज पुस्तकात ४२ रात्री आहेत. म्हणजे पेरणी पाच दिवसांत, आणि निंदणी, विरळणी सावकाश.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "ते साने गुरुजी होते. त्यांना सुचायचे. आपल्याला कुठे सुचते?" प्रश्न बरोबर आहे. मी त्यावर बराच विचार केला. एक तर रोजच्या दैनिकाने त्यांचा हात मोकळा झालेला होता. आणि दुसरे, त्या पुस्तकाची मांडणीच पाहा. श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना आईची एक आठवण सांगतो. तो लिहीत नाही, सांगतो. आपल्याला लिहायला सुचत नाही, पण सांगायला कोणाला सुचत नाही? मधल्या सुट्टीत तर एकाचे एक ऐकत नाही इतके सुचते.

सांगण्यावरून बहिणाबाई चौधरी आठवल्या. जळगावजवळच्या असोद्याच्या त्या लेक. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या गाणी रचत आणि म्हणत, तीही आपल्या इकडच्या घरच्या बोलीत. घरातल्या मुलांनी त्यातली काही उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव हे स्वतः कवी. त्यांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. आता समजा, उतरवून घेणाऱ्याने म्हटले असते की, ही भाषा शुद्ध नाही, आधी शुद्ध करू, चांगल्या वहीत लिहू, आज राहू दे. काय उरले असते? जी गाणी कोणी टिपलीच नाहीत ती बहिणाबाईंबरोबरच गेली. म्हणून घरी अहिराणी बोलणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी सांगितले, खर्ड्यात अहिराणी शब्द आला तर येऊ दे. पुढे बदलायचा असेल तर बदल. आणि कधी कधी बदलूही नको.

अक्षर वाईट आहे म्हणून न लिहिणाऱ्यांसाठी एक उदाहरण शोधून ठेवले आहे. गांधीजींना आपल्या वाईट अक्षराची जन्मभर खंत होती. तसे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. पण १९०९ च्या नोव्हेंबरात लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना त्यांनी 'किल्डोनन कॅसल' नावाच्या जहाजावर 'हिंद स्वराज्य' हे पुस्तक गुजरातीत लिहिले. १३ तारखेपासून २२ तारखेपर्यंत, दहा दिवसांत. उजवा हात दुखायला लागला की ते डाव्या हाताने लिहीत. डाव्या हाताचे अक्षर कसे आले असेल? पण ते थांबले नाहीत.

आता आम्ही काय केले ते सांगते. बाईंनी ऑफिसातून पाठकोरे कागद आणले. म्हणजे एका बाजूला काहीतरी छापलेले, दुसरी बाजू कोरी. त्यावर चांगले अक्षर काढावे असे कोणालाच वाटत नाही. खोडरबर सगळ्यांचे टेबलावर जमा केले. (याला बराच विरोध झाला.) मग जोड्या केल्या. आधी पाच मिनिटे शेजाऱ्याला आपला विषय तोंडी सांगायचा. शेजाऱ्याने मध्येच "मग?" एवढेच विचारायचे. त्यानंतर घंटा होईपर्यंत लिहायचे. हात उचलायचा नाही, मागे वळून वाचायचे नाही, खोडायचे नाही. शब्द आठवला नाही तर तिथे एक गोल काढून पुढे जायचे. त्या गोलाला आमच्या वर्गात आता 'नांगी' म्हणतात. सुरुवात सुचत नसेल तर मधूनच सुरू करायचे. आणि काहीच सुचत नसेल तर 'मला काहीच सुचत नाही' असे लिहायचे. शेवटच्या बाकावरच्या आमच्या मित्राने हे वाक्य चार वेळा लिहिले. पाचव्या ओळीत त्याने लिहिले, 'रात्री केळीत पाणी सोडले की पानांचा आवाज येतो'. मग तो थांबलाच नाही. घंटा झाली तरी लिहीत होता. त्याचा लेख डाव्या बाजूला वरून दुसरा लावला आहे, तो जरूर वाचा.

त्या दिवशी कोणाचेही कागद बाईंनी तपासले नाहीत. घरी न्यायलाही दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी परत दिले आणि आपला आपण मोठ्याने वाचायला सांगितले. मोठ्याने वाचताना कुठे अडते ते कानाला लगेच कळते. तिथे खूण करायची. मग लाल पेन्सिल, मग शब्दकोश, मग नांग्या भरणे. मनातल्या मास्तराला या दिवशी बोलवायचे. तो वाईट माणूस नाही. तो फक्त एक दिवस लवकर येतो.

खरे सांगायचे तर सगळ्यांचे साधले नाही. दोघांचे कागद कोरेच राहिले. एका मुलीने खोडरबर नाही म्हणून बोटाला थुंकी लावून खोडले. माझाही पहिला खर्डा इतका वाईट झाला की तो मी कोणाला दाखवणार नाही. पण तो आहे. कोऱ्या कागदात दुरुस्ती करता येत नाही, वाईट खर्ड्यात येते.

पालकांना एक विनंती आहे. मूल लिहीत असले की मागे उभे राहून "अक्षर बघ कसे काढलेय" असे कृपा करून म्हणू नका. नंतर म्हणा. दुसऱ्या दिवशी म्हणा.

आता माझ्या कोऱ्या कागदाविषयी. आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. पावसाळ्यात दोन संध्याकाळी त्यांनी ओट्यावर बसून मला मोटेची सगळी हकीकत सांगितली होती. मोट म्हणजे पाणी काढायची मोठी चामड्याची पिशवी. जाड नाड्याला बांधून ती विहिरीत सोडायची. नाडा चाकावरून येऊन बैलांच्या जुवाला बांधलेला. बैल धावेवरून उताराला चालत गेले की मोट वर येई. मग सोंदूर नावाचा बारीक दोर सैल सोडायचा, की पाणी धबाधबा थारोळ्यात पडे आणि पाटाने शेतात जाई. मोट परत खाली सोडायला बैलांना पाठमोरे, उलट पावलांनी वर यावे लागे. आबांचे बैल सांगावे न लागता मागे येत. हे सांगताना आबा स्वतः ओट्यावर उठून उलटे चालून दाखवत होते. त्यांनी मोटेवरचे एक गाणेही म्हटले होते. मला ते सगळे फार सुंदर लिहायचे होते. म्हणून मी तेव्हा लिहिले नाही. चांगली सुरुवात शोधत राहिले. दिवाळीच्या आधी आबा गेले.

माझ्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तीन ओळी सापडल्या. पहिली, 'धाव, थारोळे, सोंदूर' हे शब्द. दुसरी, 'गाणे नंतर विचारणे'. तिसऱ्या ओळीत बैलांची नावे. त्यात एक नाव आहे, पवळ्या. दुसरे आबांनी सांगितले होते, पण नेमके तेव्हा पेन्सिलीचे टोक मोडले, आणि मी म्हटले, राहू दे, पक्क्या वहीत नीट लिहीन. वडिलांना विचारले. त्यांना कळू लागले तेव्हा विहिरीवर मोटर बसलेली होती, त्यांना ठाऊक नाही. आजी माझ्या जन्माआधीच गेली. गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी आमचे बैल पाहिलेले होते. त्यांच्याकडून मोटेची आणखी थोडी माहिती मिळाली, दुसरा बैल पांढरा होता एवढे कळले, पण नाव त्यांनाही आठवेना.

'आबांची मोट' हा लेख या वेळी शेजारच्या कागदावर लावला आहे. वेलबुट्टी काढलेली नाही. त्यात पवळ्याच्या नावापुढे एक गोल दिसेल, तो छपाईचा डाग नव्हे, ती माझी नांगी आहे. गाण्याच्या जागीही एक गोल आहे. खालच्या बाकावर पाठकोरे कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. पालकांपैकी कोणाच्या घरी मोट होती, कोणाला मोटेवरचे गाणे येत असेल, तर दोन ओळी तिथेच लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर मला किंवा माझ्या कोणत्याही मैत्रिणीला हाक मारा, आम्ही उतरवून घेऊ. अक्षर कसेही चालेल.